पाळीची बिअर: एका काहिलीभोवती जमणारं गाव

घर साधंच आहे. उतरत्या छपराचं, रस्त्याकडे तोंड केलेलं. ना पाटी, ना दरपत्रक, ना दिव्यांची माळ. आज मात्र भिंतीतून बाहेर काढलेल्या दांडीवर सहा टोकांची एक चांदणी लटकते आहे. चांदणी दिसली की समजायचं, आत बिअर आहे. चार दिवसांनी ती उतरली की हे घर पुन्हा कुणाचं तरी राहतं घर. मग दार वाजवलंत तर 'कोण पाहिजे?' असाच प्रश्न येणार.

हे चित्र जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ईशान्य कोपऱ्यातलं, ओबरफाल्त्स भागातलं आहे. चांदणीला तिथल्या बोलीत 'त्सॉयगल' म्हणतात. 'दाखवणं' किंवा 'खूण' या अर्थाच्या जर्मन शब्दाचंच ते बोलीरूप. खूण आणि बिअर दोन्हींचं नाव एकच पडलंय.

छोटी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवण्याची जागा, हे गावाचं बसण्या-उठण्याचं ठिकाण कसं होतं, यावर गेल्या काही वर्षांत बरंच लिहिलं गेलं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये 'तिसरी जागा' ही कल्पना मांडली. घर ही पहिली जागा, कामाचं ठिकाण दुसरी, आणि जिथं माणूस कारण नसताना जाऊन बसतो ती तिसरी. तेव्हापासून प्रत्येक नवी क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे थोडकी, वेगळ्या चवीची बिअर बनवणारी छोटी ब्रुअरी, स्वतःला तिसरी जागा म्हणवून घेते. लाकडी बाकं, विटांची उघडी भिंत, गुरुवारी प्रश्नमंजूषा, रविवारी गाणी. यातल्या काही जागा खरंच जमतात. बऱ्याच मात्र दोन वर्षांत नुसती दुकानं होऊन बसतात. म्हणून या अभ्यासासाठी मी मुद्दाम उलट बाजूचं प्रकरण घेतलं आहे. इथं 'समाज जोडू या' असं कुणी ठरवलेलं नव्हतं. आग लागू नये आणि तांब्याच्या भांड्याचा खर्च वाटला जावा, एवढाच मूळ हिशेब.

गाव आणि घराचा हक्क

प्रकरण विंडिशएशनबाख आणि त्याला लागून असलेल्या नॉयहाउसचं. दोन्ही मिळून वस्ती पाच हजारांच्या आसपास. आजूबाजूला जंगल, खाली वाल्डनाब नदी. भूगर्भशास्त्राच्या लोकांना हे नाव वेगळ्याच कारणानं ठाऊक असतं. संशोधनासाठी इथं जमिनीत भोक पाडत नेलं गेलं आणि १९९४ मध्ये ते ९,१०१ मीटरवर थांबलं. जगातल्या सर्वांत खोल छिद्रांपैकी ते एक. बिअरच्या तळघरांशी त्याचा काही संबंध नाही, पण खाली उतरण्याची या गावाला एकंदर हौस दिसते.

नॉयहाउसला बिअर बनवायचा हक्क १४१५ पासून आहे, विंडिशएशनबाखला १४५५ पासून. त्याच परिसरात फाल्केनबर्ग (१४६७), मिटरटाइख (१५१६) आणि एसलार्न (१५२२) अशी आणखी तीन गावं आहेत. जुन्या अर्थानं त्सॉयगल आज या पाच गावांतच बनते.

या हक्काचं स्वरूप नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हक्क माणसाला नव्हता, घराला होता. गावातल्या ठरावीक घरांना ब्रूइंगचा अधिकार. घर विकलं की अधिकार घरासोबत गेला. घराणं बदललं तरी घराचं जुनं नाव टिकलं. नॉयहाउसमध्ये आजही शाफरहोफ, बाहलर, टाइखर, लिंगल ही घरांची नावं चालतात. आत राहणाऱ्यांचं आडनाव काहीही असो, लोक म्हणतात, 'या आठवड्यात टाइखरकडे आहे.'

पण हक्क घराघराला असला तरी चूल घराघरात पेटवायची नाही. लाकडी छपरांच्या मध्ययुगीन वस्तीत दिवसभर धगधगणारी भट्टी म्हणजे अख्ख्या आळीच्या जिवाशी खेळ. शिवाय तांब्याचं एवढं मोठं भांडं एकट्या घराच्या ऐपतीबाहेरचं. त्यामुळे उकळण्याचं काम एका सामाईक इमारतीत. जर्मनीत तिला 'कोमूनब्राउहाउस' म्हणतात. मराठीत मी तिला गावकीची भट्टी म्हणेन. कुठं ती पालिकेची असते, कुठं हक्कदार घरांच्या सामाईक मालकीची. जो उकळेल त्यानं काहिलीचं भाडं भरायचं. त्याला तिथं शब्दशः 'काहिलीचा पैसा' असंच नाव आहे. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

चांदणीचं मूळही तेवढंच जुनं. न्यूरेंबर्गच्या एका धर्मादाय आश्रमाच्या नोंदवहीत १४२५ च्या सुमाराचं एक चित्र आहे. त्यात हेर्टेल नावाचा एक ब्रुअर काहिलीपाशी उभा आहे आणि वर सहा टोकांची चांदणी टांगलेली आहे. दोन त्रिकोण एकमेकांत अडकवलेले. एक विस्तव, पाणी, हवा यांचा आणि दुसरा पाणी, माल्ट (मोड आणलेलं धान्य), हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) यांचा, असा अर्थ सांगतात. यीस्टला टोक नाही, कारण यीस्ट काय करतं हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. ते कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. शुद्ध यीस्ट वेगळं काढण्याचं काम तर कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये केलं. तोवर चारशे वर्षं ही घरं आपापल्या तळघरातल्या एका अनोळखी पाहुण्याच्या भरवशावर बिअर बनवत होती.

उकळायचं एकत्र, आंबवायचं वेगळं

आता कामाचा दिवस. पहाटे आग पेटते, लाकडाची. गॅस किंवा वाफ असती तर चावी फिरवून कमी-जास्त करता आली असती. इथं ओंडका आत गेला की तो जळून संपेपर्यंत आपलंच म्हणणं खरं करतो. उकळी वर येऊ लागली की धावपळ होते, म्हणून काहिलीपाशी कायम कुणीतरी लागतं. आणि जिथं एक माणूस दिवसभर अडकलेला असतो तिथं दुसरा गप्पा मारायला येतोच. बिअर तयार व्हायच्या दीड-दोन महिने आधीच तिची पहिली बैठक झालेली असते.

मोड आणून वाळवलेलं, भरडलेलं बार्ली म्हणजे माल्ट. ते कोमट पाण्यात भिजवायचं आणि तापमान पायरीपायरीनं वाढवायचं. धान्यातल्या पिष्टाची साखर होते. चोथा गाळून बाजूला काढला की उरतो तपकिरी, गोड, चिकट काढा. ब्रुअर त्याला वर्ट म्हणतात. त्यात हॉप्स टाकून पुन्हा उकळी. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही.

मग माळ्यावरची परात. परात म्हणजे खोलीभर पसरलेला उथळ, धातूचा हौद. सगळा उकळता वर्ट त्यात सोडतात आणि रात्रभर तसाच ठेवतात. थर जेमतेम काही बोटं खोल, त्यामुळे उष्णता वरच्या वर निघून जाते. भिंतींना झडपा असतात. त्यांतून वाफेचा लोट बाहेर पडतो आणि भाजलेल्या धान्याचा वास रस्त्यावर उतरतो. आज कुणीतरी उकळलंय, ही बातमी न सांगता गावभर होते. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो, वर्ट थंड होतो.

आधुनिक कारखान्यात हेच काम प्लेट-कूलरमध्ये मिनिटांत होतं आणि हवेशी संबंधही येत नाही. उघड्या परातीत जंतू पडण्याचा धोका आहेच. ज्यांना खात्रीची, महिनोन्महिने सारखी चव हवी त्यांनी परात कधीच मोडीत काढली. इथं तो धोका पत्करलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच भरपूर यीस्ट घालायचं, म्हणजे बाकीच्यांना पाय रोवायला वेळ मिळत नाही.

आणि मग या साऱ्या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची घटना घडते. वर्ट भट्टीतून बाहेर पडतो. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या टाकीत भरून तो घरी जातो. तळघराच्या खिडकीतून नळी आत सोडतात आणि घरच्या टाकीत तो उतरतो. यीस्ट तिथं पडतं. पहिलं आंबणं साधारण आठवडाभर, थंड तळघरात, तळाशी बसणाऱ्या लागर जातीच्या यीस्टनं. मग झाकण लावून काही आठवडे मुरत ठेवायचं. गाळायचं नाही. म्हणून ग्लासात ती जराशी धूसर दिसते, रंग मधासारखा, वायू बेताचाच.

काहील एकच, पण तळघरं निराळी. कुणाचं अर्धा अंश गार, कुणाचं दमट. कुणी आठवडा जास्त ठेवलं, कुणी हॉप्स हात राखून घातले. गावात दहा-बारा घरं त्सॉयगल पाजतात आणि दहा-बारा चवी होतात. त्यामुळे गावाला बोलायला विषय कायमचा मिळालेला आहे. 'अमक्याची या खेपेला गोडसर झालीय' हे वाक्य तिथं हवापाण्याच्या चौकशीइतकं नेहमीचं. सगळ्यांनी एकाच कारखान्यातून पिंपं आणली असती तर बोलायला फक्त फुटबॉल उरला असता.

क्राफ्ट ब्रुअऱ्यांचे सल्लागार हा भाग पाहतच नाहीत, असं मला वाटतं. ते बसण्याच्या खोलीचा विचार करतात, दिव्यांचा, रंगांचा, टेबलांचा. इथं मात्र लोकांना बांधणारी गोष्ट खोलीच्या आधी, उकळण्याच्या टप्प्यावरच घडून गेलेली असते. दहा घरं स्पर्धक आहेत, पण काहील एक आहे. तिला भोक पडलं तर सगळ्यांचीच बिअर बंद. एकानं ब्रूइंग सोडलं तर भाड्याचा बोजा उरलेल्यांवर वाढतो. म्हणजे शेजाऱ्याचा धंदा चालावा अशी इच्छा बाळगणं इथं सद्गुण वगैरे नसून हिशेब आहे.

पाळी

दुसरा खांब म्हणजे पाळी. सगळी घरं एकाच वेळी उघडत नाहीत. आज याच्याकडे, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे. साधारण शुक्रवार ते सोमवार, महिन्यातून एकदा किंवा थोडं जास्त. वर्षभराच्या तारखांचं छापील कॅलेंडर निघतं आणि ते स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, दुकानाच्या काउंटरमागे टांगलेलं असतं. काहीजण लग्नाची तारीखही ते पाहून ठरवत असतील, असा मला दाट संशय आहे.

पाळीमुळे नेमकं काय साधतं, ते जरा उलगडून पाहू.

एका घराला महिन्यात चार-पाच दिवसच राबायचं असतं. उरलेले दिवस नोकरी, शेती, सुतारकाम, जे असेल ते. जोडधंदा जोडधंदाच राहतो. छोट्या ब्रुअऱ्या बुडतात तेव्हा कारण म्हणून भांडवल पुढं केलं जातं, पण पुष्कळदा मालक थकलेला असतो. महिन्याचे तीसही दिवस हसून स्वागत करणं कुणालाच जमत नाही. चार दिवस जमतं. त्या चार दिवसांत वाढायला घरचीच माणसं असतात, मुलं ग्लास धुतात, आत्याबाई भाकरी कापतात. इथं भाकरी म्हणजे त्यांची आंबट, काळसर राय-ब्रेड. जागा स्वतःची, भाडं नाही. त्यामुळे बिअर स्वस्त ठेवता येते. आणि स्वस्त असली की पेन्शनर, शिकाऊ मेकॅनिक आणि डॉक्टर एकाच बाकावर येऊ शकतात. दर चढवले असते तर यांतले निदान दोघे गळाले असते.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. कायम उघड्या असलेल्या गुत्त्याला स्वतःचा कंपू असतो. हे अमक्याच्या अड्ड्यावरचे, ते तमक्याच्या. गावात दोन पब असले की लवकरच दोन गावं होतात. इथं तसा अड्डा धरताच येत नाही, कारण तो चार दिवसांनी बंद होतो. सगळे उठून पुढच्या घरी जातात. गावातले पिणारे एकच घोळका होऊन घराघरांतून फिरत राहतात. पंचायतीच्या राजकारणावरून दोघांचं वाजलं असेल तरी पुढच्या शुक्रवारी दोघांना बसायला उघडं घर एकच. टाळायचं म्हटलं तर घरीच बसावं लागेल.

तिसरी, बिअर संपते. जेवढी मुरली तेवढीच. सोमवारी रात्री पिंप वाजू लागलं की चांदणी खाली. 'उद्या जाऊ' ही सवलत गिऱ्हाईकाला नाही. मार्केटिंगवाले यासाठी 'मर्यादित आवृत्ती' काढतात. इथं मर्यादा तळघरानंच घातलेली असते आणि लोकांना फरक कळतो.

बाकावर

आत शिरलं की यजमान जागा दाखवायला येत नाही. टेबलं लांब, बाकं लांब. एका टोकाला चार माणसं बसलेली असतात. आपण उभे राहतो, ती जराशी सरकतात, आपण बसतो. झालं. तेवढ्या सरकण्यात ओळखीचं निम्मं काम उरकतं, कारण ज्यानं आपल्यासाठी जागा केली त्याच्याशी न बोलता अर्धा लिटर संपवणं अवघड आहे. रिकाम्या टेबलाची चैन फारशी नसते आणि नसलेलीच बरी. आपल्या ओळखीची कितीतरी हॉटेलं दोघांच्या टेबलांनी भरलेली असतात. तिथं शेजारच्याच्या बशीकडे पाहणंही उद्धटपणा.

पूर्वी तर वेगळी खोली नसायचीच. घराच्या बैठकीतलं सामान हलवून तिथंच लोक बसवले जात. आता बहुतेक घरांनी जुना गोठा किंवा कोठार सारवून-सुधारून खोली केली आहे. खायला थंड ताट असतं, घरचं सॉसेज, चीज, मुळा, ब्रेड. लांबलचक मेनू नाही. पदार्थ निवडण्यात वेळ जात नाही, तो गप्पांत जातो. कोपऱ्यात कुणी अकॉर्डियन काढलं तर गाणी होतात, नाही काढलं तर नाही. कार्यक्रमपत्रिका नसते, याचं मला विशेष कौतुक आहे.

गळती कुठं आहे

इथवर वाचून हे फार गोड चित्र वाटेल. तसं ते नाही.

हक्क घराला जोडलेला आहे, याचा दुसरा अर्थ तो बाकीच्यांना नाही. भाड्यानं राहणारा, नव्यानं आलेला, चुकीच्या गल्लीत जन्मलेला माणूस बाकावर बसू शकतो, काहिलीपाशी नाही. या 'सामाईक' व्यवस्थेचा गाभा जुन्या मालमत्तेचा विशेषाधिकार आहे. त्सॉयगलचं कौतुक करणारे याबद्दल गप्प असतात. माझ्या मते मात्र प्रकरणाचा हा भाग सोडला तर अभ्यास अर्धाच राहतो. बाहेरच्याला दार उघडं आहे, पण गिऱ्हाईक म्हणून.

मग व्यसनाचा प्रश्न. गावाचं एकत्र येणं दारूभोवती बांधलं की जो पीत नाही, ज्यानं सोडली आहे, ज्याला आजारपणामुळे चालत नाही, तो हळूहळू कडेला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. लिंबू-सरबत मागितलं तर मिळतं, पण आठ जणांच्या बाकावर ते एकट्यानं मागणं ही वेगळीच परीक्षा. शिवाय गाडी. जर्मनीत चालकाच्या रक्तातल्या दारूची सर्वसाधारण मर्यादा ०.५ प्रति हजार, आणि नवशिक्या किंवा एकवीस वर्षांखालच्या चालकाला शून्य. विंडिशएशनबाखला रेल्वे स्टेशन आहे हे तिथल्या त्सॉयगलचं मोठं भाग्य. ज्या गावात शेवटची गाडी सहाला सुटते तिथं असली जागा उभी करणाऱ्यानं पिणारे घरी कसे जाणार याचं उत्तर आधी शोधावं, ग्लास मग विकत घ्यावेत.

पिणंही कमी होतंय. जर्मनीत १९९० च्या सुमाराला माणशी वर्षाला १४० लिटरहून जास्त बिअर खपत होती. आता आकडा ९० च्या आसपास आला आहे. मोठ्या कारखान्यांना हे जड जातंय. त्सॉयगलच्या घरांना त्याचा फटका कमी बसतो, कारण त्यांचा धंदा मुळातच बेताचा. पण पिढी बदलते तेव्हा प्रश्न येतोच. मुलगी म्युनिकला नोकरी करते, दर पाळीला चार दिवस रजा काढून यायला तयार नाही. घर आहे, हक्क आहे, तळघर आहे, पण ट्रॅक्टरवरची टाकी रिकामी करायला हात नाहीत. काहिलीचं भाडं उरलेल्यांवर.

आणि प्रसिद्धी. ओबरफाल्त्सच्या त्सॉयगल-संस्कृतीला २०१८ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान मिळालं. मान योग्यच होता. त्यामागोमाग बसगाड्या येतात. पन्नास जणांचा गट आधी कळवून येतो तेव्हा लांब बाकं त्यांच्यासाठी राखून ठेवावी लागतात. सरकून जागा देण्याची रीत नेमकी तिथंच मोडते. गावातला रोजचा म्हातारा दारातून पाहून परत फिरतो. यजमानाला त्या दिवशी गल्ला चांगला मिळतो, म्हणून त्याला नाही म्हणवत नाही. काही घरांनी खोल्या वाढवल्या, काहींनी दिवस वाढवले. दिवस वाढले की पाळी सैल होते, आणि पाळी सैल झाली की वर सांगितलेलं सारं गणित एकेक करून सुटू लागतं. माझ्या अंदाजानं या व्यवस्थेला खरा धोका तोट्यापेक्षा यशाकडूनच आहे.

नावाचंही तसंच. 'त्सॉयगल' हा शब्द कुणा एकाच्या मालकीचा नाही. त्यामुळे बाटलीत भरून, गाळून, कारखान्यात बनवलेली बिअरही त्या नावानं विकली जाते आणि दुकानात मिळते. पाच गावांतल्या हक्कदारांनी संघ करून 'कोमूनब्राउअरची अस्सल त्सॉयगल' असा शिक्का काढला. गावकीच्या भट्टीत उकळलेली आणि घरच्या तळघरात मुरलेली असेल तरच तो लागतो. हे बरं झालं, पण शिक्का पाहून घेणारा गिऱ्हाईक मुळात माहीतगारच असतो.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे बव्हेरियातल्या सगळ्या खानावळी आणि पिण्याच्या जागा बंद झाल्या. ज्या जागेचा सारा जीव खांद्याला खांदा लावून बसण्यात आहे, तिचं यापेक्षा वाईट काय होणार? तरी भाडं, पगार, कर्जाचा हप्ता यांची कातरी या घरांच्या गळ्यापर्यंत शहरातल्या टॅपरूमइतकी, म्हणजे ब्रुअरीच्या पिण्याच्या खोलीइतकी, आली नाही. चार दिवसांचा धंदा बंद पडला, तर चार दिवसांचंच उत्पन्न बुडतं.

दुसऱ्यानं काय न्यावं

पाचशे वर्षांपूर्वीचा घराचा हक्क कुणाला उचलून नेता येणार नाही, आणि नेऊही नये. बव्हेरियाच्याच फ्रँकोनिया भागातल्या सेसलाखसारख्या काही गावांत गावकीची भट्टी अजून चालते, पण तिथंही ती वारशानं आलेली आहे, नव्यानं मांडलेली नाही. दुसरीकडे नवी ब्रुअरी काढणारा बहुधा एकटा असतो, कर्ज काढून आलेला. त्याला रोज उघडावंच लागतं, कारण बँकेला पाळी कळत नाही.

तरी दोन गोष्टी अशा आहेत की त्यांना जुना हक्क लागत नाही. एक, काम दिसू देणं. उकळण्याचा दिवस जाहीर असावा, काहिलीपाशी उभं राहायला जागा असावी. काचेमागून कारखाना दाखवणं वेगळं. तिथं माणूस प्रेक्षक होतो. हातात वल्हं देऊन 'जरा ढवळ' म्हटलं तर दोन महिन्यांनी तो आपली बिअर प्यायला येतो, आणि येताना चार जणांना सांगत येतो. दुसरी, उपकरण वाटून घेणं. तीन छोट्या ब्रुअर्सनी तीन निकृष्ट काहिली घेण्यापेक्षा एक चांगली घ्यावी आणि आंबवण आपापल्या जागी करावी. करांचे आणि परवान्याचे नियम देशोदेशी वेगळे, ते आडवे येऊ शकतात. भांडणंही होतील, कुणाची पाळी आधी यावरून तर नक्की. पण ती भांडणं मिटवायला एकत्र बसावं लागतं. मिटवलीच नाहीत तर कुणालाच बिअर नाही.

उघडण्याचे दिवस कमी करा, हा सल्ला मी कितीही पटवून दिला तरी कुणी मानणार नाही, याची मला कल्पना आहे. जागेचं भाडं भरणाऱ्याला तो परवडतही नाही. म्हणून तो फक्त त्यांच्यासाठी, ज्यांची जागा स्वतःची आहे आणि पोट दुसऱ्या कामावर चालतं.

कधी त्या बाजूला गेलात तर कॅलेंडर पाहून जा. चांदणी नसलेल्या दारासमोर उभं राहून उपयोग नाही. रस्त्यावर कुणालाही विचारलं तर आज कुणाकडे आहे ते सांगतात, आणि न विचारताच हेही सांगतात की गेल्या खेपेची जास्त चांगली होती.